फंक्शन पंधरापट वेगवान, अहवाल मात्र मंद: कॉस्टच्या एका आकड्याचं प्रकरण

नावांची जुळणी करणारी एक प्रणाली. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नोंदींचं एक मोठं टेबल, सुमारे २० लाख ओळींचं. नव्या नावाशी मिळतंजुळतं नाव आधीच कुठे नोंदलं गेलं आहे का, हे पाहायला 'नावसाम्य' नावाचं एक फंक्शन. दोन नावं द्यायची, ते ० ते १ मधला गुण देतं. हे फंक्शन पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या स्वतःच्या प्रोसीजरल भाषेत लिहिलेलं होतं आणि हळू होतं: एका हाकेला (फंक्शन एकदा चालायला) साधारण ६०० मायक्रोसेकंद. एका नावाच्या तपासणी अहवालाला मिनिटभर लागायचं. म्हणून ते सी भाषेत नव्यानं लिहिलं गेलं. काम नीट झालं, चाचण्यांत दोन्ही फंक्शनांचे निकाल जुळले आणि एका हाकेचा वेळ ४० मायक्रोसेकंदांवर आला. म्हणजे पंधरापट फायदा.

नवं फंक्शन चालू झालं आणि तपासणी अहवाल ६० सेकंदांऐवजी ८० सेकंद घेऊ लागला. ताज्या नोंदींचा जो पडदा डोळ्याचं पातं लवेपर्यंत उघडायचा, तो दोन सेकंद अडकू लागला. (आकडे गोल केले आहेत, म्हणजे पुढचा हिशेब तोंडी करता येईल.)

अशा वेळी पहिला संशय नव्या कोडवर जातो, आणि इथेही गेला. पण फंक्शन सुटं चालवलं की प्रत्येक वेळी ४० मायक्रोसेकंदच. मग मला वाटतं विचारायचा प्रश्न एकच उरतो: एक हाक स्वस्त झाली, पण हाका किती पडताहेत?

हे मोजायची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. 'ट्रॅक फंक्शन्स' ही सेटिंग एरवी बंद असते. ती 'पीएल' केली की प्रोसीजरल भाषांतली फंक्शनं मोजली जातात. सी आणि एसक्यूएलमधलीही हवी असतील तर 'ऑल' करावी लागते. त्यानंतर 'पीजी स्टॅट यूजर फंक्शन्स' या व्ह्यूमध्ये प्रत्येक फंक्शनच्या हाकांची संख्या आणि मिलिसेकंदांत वेळ दिसतो. तिथे उत्तर मिळालं. जुन्या फंक्शनला एका अहवालात १ लाख हाका जायच्या, नव्याला २० लाख. टेबलातल्या झाडून सगळ्या ओळींसाठी एकेक. २० लाख गुणिले ४० मायक्रोसेकंद म्हणजे ८० सेकंद. १ लाख गुणिले ६०० म्हणजे ६०. हिशेब चोख जुळला.

आता क्वेरी. तिच्या व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळणाऱ्या भागात, दोन अटी होत्या. विभागाचा कोड दिलेल्या आठ कोडांपैकी एक असावा, ही पहिली. नावसाम्याचा गुण ०.८ पेक्षा जास्त असावा, ही दुसरी. विभागाच्या कॉलमवर इंडेक्स नव्हता; टेबलात सतत भर पडत असल्यानं इंडेक्स मोजकेच ठेवले होते. त्यामुळे प्लॅन, म्हणजे क्वेरी चालवायची पद्धत, दोन्ही वेळा एकच: सीक्वेन्शियल स्कॅन (सगळं टेबल ओळीनं वाचणं), वर एक फिल्टर. म्हणूनच वरवर पाहणाऱ्याला 'प्लॅन तर बदललेलाच नाही' असं वाटत होतं. पण एक्स्प्लेनच्या (प्लॅन छापून दाखवणाऱ्या आज्ञेच्या) निकालात 'फिल्टर' या ओळीपुढे अटी ज्या क्रमानं छापल्या जातात, त्याच क्रमानं त्या तपासल्याही जातात, आणि अनेकांची नजर त्या ओळीवरून घसरून जाते. आधीच्या प्लॅनमध्ये तिथे विभागाची अट पुढे होती आणि नावसाम्याची मागे. नव्यात उलट.

आठ विभागांत मिळून टेबलाच्या ५ टक्के ओळी येत होत्या. विभागाची अट आधी तपासली तर ९५ टक्के ओळी तिथेच गळतात आणि फंक्शनला १ लाख हाका पडतात. नावसाम्य आधी तपासलं तर २० लाख. फिल्टरमधली एक अट खोटी ठरली की पुढची पाहिलीच जात नाही, म्हणून सगळा खेळ क्रमाचा.

तो क्रम कोण ठरवतं? कुणीतरी लगेच सुचवलं की व्हेअरमध्ये विभागाची अट आधी लिहू या. ती आधीच लिहिलेली होती. लिहिण्याचा क्रम पोस्टग्रेस बघतं ते फक्त दोन अटींची किंमत सारखी निघाली तर. एरवी एका नोडवरच्या (प्लॅनच्या एका टप्प्यावरच्या) अटी किमतीच्या चढत्या क्रमानं लावल्या जातात, स्वस्त आधी आणि महाग नंतर. (रो लेव्हल सिक्युरिटीच्या, म्हणजे कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे ठरवणाऱ्या अटींची पातळी त्याहीआधी पाहिली जाते, पण या टेबलावर ती नव्हती.)

किंमत मोजायचं एकक म्हणजे 'सीपीयू ऑपरेटर कॉस्ट'. तिचं मूळ मूल्य ०.००२५, डिस्कवरचं एक पान क्रमानं वाचायला जी १ किंमत धरली जाते, तिच्या तुलनेत. फंक्शन तयार करताना 'कॉस्ट' हा शब्द लिहून एक आकडा देता येतो, तो याच एककात. पोस्टग्रेसच्या ८.३ आवृत्तीपासून ही सोय आहे. आकडा दिलाच नाही तर पोस्टग्रेस स्वतः धरून चालतं: सी आणि अंतर्गत फंक्शनांना १, बाकी सगळ्या भाषांना १००. आत काय लिहिलं आहे हे प्लॅनर (प्लॅन निवडणारा पोस्टग्रेसचा भाग) पाहत नाही. दोन पूर्णांक जोडणारं सी फंक्शन आणि नावाचे शब्द मागेपुढे करून अक्षरांतर (एका मजकुराचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते) मोजणारं सी फंक्शन, दोन्ही त्याच्या लेखी १.

जुन्या फंक्शनच्या वेळी नावसाम्याच्या अटीची किंमत १०० अधिक 'पेक्षा जास्त' या ऑपरेटरचा १, म्हणजे १०१ होती. आठ कोडांच्या यादीची अट पोस्टग्रेस अशी मोजतं की सरासरी अर्धी यादी तपासावी लागेल, म्हणजे ४. चार आधी, एकशे एक नंतर, क्रम बरोबर. नवं फंक्शन आलं तेव्हा नावसाम्याची अट १ अधिक १, म्हणजे २ झाली. दोन आधी, चार नंतर. फंक्शन खरोखर पंधरापट स्वस्त झालं होतं. प्लॅनरला मात्र ते शंभरपट स्वस्त झाल्याचं सांगितलं गेलं, आणि तेही कुणी न बोलता. यादीत तीनच कोड असते तर तिची किंमत १.५ भरली असती आणि कुणाच्या काही लक्षात आलं नसतं.

हा बदल गुपचूप झाला यामागे 'क्रिएट ऑर रिप्लेस फंक्शन' या आज्ञेची रीत आहे. ती जुन्या फंक्शनचा मालक आणि परवानग्या जपते. बाकीचे सगळे गुणधर्म आज्ञेत लिहिलेले किंवा, न लिहिल्यास, गृहीत धरलेले असे नव्यानं लागतात. नव्या व्याख्येत 'इम्यूटेबल' (त्याच मूल्यांना नेहमी तेच उत्तर) आणि 'स्ट्रिक्ट' (एखादं मूल्य नल असेल तर न चालताच नल) आठवणीनं लिहिलं होतं, कॉस्ट लिहिली नव्हती. आधीच्या व्याख्येतही ती नव्हतीच. त्यामुळे दोन व्याख्या शेजारी ठेवून पाहिल्या तरी या बाबतीत काही फरक दिसत नाही, पण भाषा बदलताच गृहीत आकडा बदलतो. मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच जागा. फंक्शनचा परतावा-प्रकार जसा त्याच्या व्याख्येचा भाग, तशीच त्याची कॉस्टही. ती मोजून लिहायची जबाबदारी फंक्शन लिहिणाऱ्याची आहे, कारण आत काय चाललं आहे हे ठाऊक असलेला तोच एकटा आहे.

पडद्याची कहाणी वेगळी आणि जास्त शिकवणारी. तिथे नावसाम्य व्हेअरमध्ये नव्हतंच. ते निवडलेल्या कॉलमांत होतं. एका खेपेतल्या ५० हजार ओळी इंडेक्सनं काढायच्या, तारखेनुसार लावायच्या, वरच्या २० दाखवायच्या आणि प्रत्येकीपुढे गुण. गुण ५० हजार ओळींसाठी काढायचा की २० साठी? ९.६ आवृत्तीपासून पोस्टग्रेस लिमिट असलेल्या क्वेरीत महागड्या अभिव्यक्ती सॉर्ट झाल्यानंतर मोजायला ठेवतं. पण 'महागडी' कशाला म्हणायचं याची रेघ त्यानं आखलेली आहे: सीपीयू ऑपरेटर कॉस्टच्या १० पटींहून जास्त. १०० कॉस्टचं फंक्शन रेघेच्या वर होतं, म्हणून ते २० वेळाच चालायचं. १२ मिलिसेकंदांत काम फत्ते. कॉस्ट १ झाली तशी ते रेघेखाली गेलं आणि सॉर्टच्या आधीच ५० हजार वेळा चालू लागलं. तेच दोन सेकंद.

आता कॉस्टचा योग्य आकडा काढायचा. इथे घाईत मोजणाऱ्यांना चकवणाऱ्या दोन जागा आहेत. पहिली: फंक्शनला दोन्ही ठिकाणी ठरावीक नावं देऊन लाख ओळींवर चालवलं तर वेळ जवळजवळ शून्य दिसतो. फंक्शन इम्यूटेबल असेल आणि सगळी मूल्यं स्थिर असतील तर प्लॅनर त्याला एकदाच चालवून उत्तर घट्ट करून टाकतो. म्हणून निदान एक मूल्य टेबलाच्या कॉलममधून आलं पाहिजे. दुसरी: आतल्या सबक्वेरीत फंक्शन लिहून बाहेर नुसत्या ओळी मोजल्या, तर सबक्वेरी सपाट होते, तो कॉलम कुणी वापरत नाही असं दिसतं आणि फंक्शनला हाक जातच नाही. बाहेर फंक्शनच्या निकालाची बेरीज किंवा कमाल काढली की ते टळतं.

मोजणी अशी झाली. टेबलातला एक भाग मेमरीत येईल अशा बेतानं एकदा वाचून घेतला. मग एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ, 'टायमिंग' बंद ठेवून, कारण प्रत्येक नोडचं घड्याळ पाहण्याचाही खर्च असतो. एकदा फंक्शनशिवाय, एकदा फंक्शनसह. फरकाला ओळींच्या संख्येनं भागलं की एका हाकेचा वेळ. तसंच त्याच ओळींवर काही साधे पूर्णांक-ऑपरेटर वाढवून एका ऑपरेटरचा वेळ काढला. त्या यंत्रावर तो ४० नॅनोसेकंदांच्या आसपास आला. ४० मायक्रोसेकंद भागिले ४० नॅनोसेकंद, म्हणजे १०००. जुन्या पीएल-पीजीएसक्यूएल फंक्शनचा खरा आकडा याच मापानं १५,००० भरतो. म्हणजे तेव्हाचे १०० सुद्धा दीडशेपटीनं चुकीचे होते. चूक योग्य बाजूला होती इतकंच. यावरून माझं मत असं झालं आहे की या आकड्यात दोन-तीनपटींची चूक सहसा चालून जाते, पण तो दहाच्या कोणत्या घातात बसतो हे माहीत असलंच पाहिजे. ९०० की ११०० यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती: ऑल्टर फंक्शन, कॉस्ट १०००. अहवालात फंक्शनच्या हाका पुन्हा १ लाखावर आल्या आणि फंक्शनचा वेळ ४ सेकंदांवर. पडद्यावर २० हाका, मिलिसेकंदापेक्षा कमी.

पण त्याच ओळीनं एक नवा त्रास आणला. पोस्टग्रेस स्कॅनची किंमत काढताना पहिल्या अटीत गळणाऱ्या ओळींची सूट देत नाही. सगळ्या अटींची बेरीज करतं आणि वाचलेल्या प्रत्येक ओळीला लावतं. अहवालाचाच हिशेब घ्या. टेबल ४० हजार पानांचं, म्हणून वाचायचे ४०,०००. प्रत्येक ओळीला ०.०१ दरानं २० लाख ओळींचे २०,०००. यादीच्या अटीचे ४ गुणिले ०.००२५ गुणिले २० लाख, म्हणजे आणखी २०,०००. नावसाम्याच्या अटीचे कॉस्ट १ असताना १०,००० होते, कॉस्ट १००० झाल्यावर ५०.०५ लाख झाले. एकूण ९० हजारांची क्वेरी ५०.८५ लाखांची झाली, आणि प्रत्यक्षात ती पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर संपते.

अहवालाला या फुगवट्याचं काही वाटत नाही. एकाच खेपेत नाव शोधणारी तिसरी एक क्वेरी होती; त्या खेपेतल्या शोधाला मात्र वाटलं. तिथे इंडेक्सनं ५० हजार ओळी येतात, इतर अटींनंतर २,५०० उरतात, त्यांवर फंक्शन चालतं. १०० मिलिसेकंदांचं काम. प्लॅनर मात्र ५० हजार ओळींना प्रत्येकी २.५ लावून सव्वा लाख किंमत काढतो. जेआयटी म्हणजे अभिव्यक्ती आयत्या वेळी यंत्रभाषेत कंपाइल करणं; ते कोणत्या किमतीपुढे करायचं याची, 'जेआयटी अबव्ह कॉस्ट'ची, मूळ मर्यादा १ लाख आहे आणि १२ आवृत्तीपासून जेआयटी आपोआप चालू असतं. मर्यादा ओलांडली गेली, प्रत्येक शोधाआधी अभिव्यक्तींचं कंपाइलेशन सुरू झालं आणि शोध आधीपेक्षा जड झाला. एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझच्या तळाशी जेआयटीचा वेगळा तुकडा येतो, त्यात हा वेळ स्वच्छ दिसतो. खरं काम सी फंक्शनच्या पोटात असल्यामुळे त्या कंपाइलेशनचा फायदा नगण्य होता. इथे काही जण कॉस्ट ५०० वर आणून मर्यादेखाली राहायचं म्हणत होते. मला ते पटलं नाही. कॉस्ट हे फंक्शनबद्दलचं विधान आहे; जेआयटी टाळायला ते खोटं केलं तर पुढचा माणूस त्याच आकड्यावरून काहीतरी वेगळंच ठरवेल. शोधाचं काम ज्या डेटाबेस-रोलखाली (डेटाबेसमधल्या खात्याखाली) चालतं त्या रोलपुरतं जेआयटी बंद केलं. तेवढ्यानं भागलं.

नुसत्या किमतीवर क्रम लावण्याच्या पद्धतीला मर्यादा आहे, हेही या निमित्तानं पाहून ठेवावं. १९९३ मध्ये हेलरस्टीन आणि स्टोनब्रेकर या डेटाबेस-संशोधकांनी महागड्या अटींसाठी 'रँक' मांडली: अटीतून निभावणाऱ्या ओळींचं प्रमाण उणे एक, भागिले प्रति-ओळ किंमत. रँक जितकी लहान तितकी अट पुढे. समजा एका अटीची किंमत ४ आणि तिच्यातून ९० टक्के ओळी निभावतात. दुसरीची किंमत ६ आणि निभावतात फक्त २ टक्के. पहिली आधी ठेवली तर प्रति-ओळ खर्च ४ अधिक ०.९ गुणिले ६, म्हणजे ९.४. दुसरी आधी ठेवली तर ६ अधिक ०.०२ गुणिले ४, म्हणजे ६.०८. पोस्टग्रेस पहिलीच आधी घेतं, कारण एका नोडवरच्या अटी लावताना ते किती ओळी गळतील हे पाहत नाही. आमच्या प्रकरणात महाग अट सुमारे अडीचशेपट महाग आणि स्वस्त अट भरपूर गाळणारी होती, त्यामुळे दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच.

ओळींच्या अंदाजाचा प्रश्न कॉस्टनं सुटत नाही. 'नावसाम्य ०.८ पेक्षा जास्त' अशा अटीबद्दल आकडेवारी नसेल तर पोस्टग्रेस एक-तृतीयांश ओळी निभावतील असं धरतं. अहवालात १ लाखातून ३३ हजार येतील असा अंदाज, खऱ्या येतात शे-दोनशे. वर जॉइन (दुसऱ्या टेबलाशी जोडणी) असेल तर त्याची पद्धत चुकीची निवडली जाण्याची भीती राहते. १४ आवृत्तीपासून इंडेक्स न करताही अभिव्यक्तीवर आकडेवारी गोळा करता येते, पण इथे दुसरं नाव क्वेरीच्या वेळी येतं, म्हणून तो मार्ग बंद. उरतो १२ आवृत्तीतला सपोर्ट फंक्शनचा, म्हणजे मूळ फंक्शनबद्दलचे अंदाज प्लॅनरला पुरवणाऱ्या सोबतच्या फंक्शनचा. ते सीमध्येच लिहावं लागतं आणि जोडायला सुपरयूजर लागतो. शिवाय निवडकतेबद्दल (किती प्रमाणात ओळी निभावतील याबद्दल) त्याला विचारलं जातं ते फंक्शन स्वतः खरं-खोटं परत करत असेल तरच. बाहेर 'पेक्षा जास्त' ऑपरेटर असेल तर अंदाज त्या ऑपरेटरचा धरला जातो. म्हणून 'नाव जुळतं का' असं दोन नावं आणि उंबरठा घेणारं वेगळं फंक्शन केलं, त्याला सपोर्ट फंक्शन जोडलं, आणि अहवाल त्यावर नेला.

दुसऱ्या डेटाबेसवरून येणाऱ्यांसाठी एवढंच: ओरॅकलमध्ये 'असोसिएट स्टॅटिस्टिक्स' या आज्ञेनं फंक्शनला सीपीयू, आयओ आणि नेटवर्क अशी तीन अंगांची किंमत, शिवाय निवडकताही देता येते. एसक्यूएल सर्व्हरनं २०१९ आवृत्तीत वेगळी वाट धरली आणि स्केलर (एकच मूल्य देणाऱ्या) फंक्शनचा मजकूरच क्वेरीत उलगडायला सुरुवात केली. पोस्टग्रेसही एसक्यूएल भाषेतली साधी फंक्शनं असं उलगडतं, आणि मग त्यांच्यावर लिहिलेल्या कॉस्टला काही अर्थ उरत नाही.

एक गोष्ट अजून बाकी आहे. अक्षरांतर मोजायचं काम दोन्ही मजकुरांच्या लांबीच्या गुणाकारानं वाढतं. दोन्ही बाजूंचा मजकूर सहापट लांब झाला की ते छत्तीसपट. हेच फंक्शन आता पत्त्यांसाठीही वापरायचं ठरतं आहे, आणि पत्त्यांवर १००० हा आकडा साफ खोटा आहे. सपोर्ट फंक्शनला किमतीची विचारणाही होते, त्यामुळे कॉलमच्या सरासरी रुंदीवरून किंमत काढून देणं शक्य आहे. तूर्तास मात्र साधा उपाय घेतला आहे: तेच सी कोड 'पत्तासाम्य' या दुसऱ्या नावानं नोंदवायचं, पत्त्यांवर वेगळी मोजणी करायची आणि त्याची कॉस्ट व्याख्येतच लिहायची. फंक्शन बदलणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या तपासणीत आता कॉस्ट लिहिली आहे का हे पाहिलं जातं, आणि नसेल तर स्क्रिप्ट परत जाते.